सासऱ्यांची पीडीएफ आणि मैत्रिणीचा दिवाळी अंक

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडला राहते. सासरे ७७ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. वाचनाचं वेड पहिल्यापासून. टाळेबंदीत घरी पेपर यायचा बंद झाला तेव्हा त्यांचे एक मित्र व्हॉट्सॲपवर पेपरची पीडीएफ पाठवायला लागले, आणि त्यातूनच पुढे बाबांनी स्वतःचा वाचनाचा ग्रुप काढला. आज त्यात ३८० माणसं आहेत. रोज सकाळी सहाच्या चहाबरोबर बाबा ग्रुपवर एक पुस्तक 'टाकतात'. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याला त्रास आहे, छापील अक्षर लागत नाही, म्हणून टॅबवर मोठं करून वाचतात.

माझी एक मैत्रीण तिघी-चौघींच्या मदतीने छोटा दिवाळी अंक काढते. भाऊबीजेच्या दिवशी तिने मला स्क्रीनशॉट पाठवला. तिचा अख्खा अंक, पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव, खाली लोकांनी जोडलेले हात. सोबत तिचे दोनच शब्द: "तुझ्या घरातून?" तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही.

मी बाबांकडे विषय काढला. ते म्हणाले, "विद्या दिल्याने वाढते. आम्ही लायब्ररीतून एक पुस्तक आणून सगळ्या वाड्याने वाचायचो, तेव्हा आम्हाला कोणी चोर म्हणालं नाही." नवरा म्हणतो, जाऊ दे ना, सगळेच करतात, त्यांचा वेळ चांगला जातो. आणि खरं सांगायचं तर मुलाच्या नववीच्या गाइडची पीडीएफ मीच पालकांच्या ग्रुपवरून घेतली आहे. आता कोणत्या तोंडाने बोलू?

– एक सून, कोथरूड

*

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सोपा आहे. त्याच तोंडाने बोला. धुतल्या तांदळासारख्या माणसानेच बोलायचं ठरवलं तर या शहरात कोणीच बोलणार नाही, आणि ते पुण्याला परवडायचं नाही. शाळेची पाठ्यपुस्तकं बालभारती स्वतःच आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवते, ती खुशाल उतरवून घ्या. गाइड खासगी प्रकाशकाचं. ते अप्पा बळवंत चौकात जुनं, कोणीतरी पेन्सिलीने खुणा केलेलं, निम्म्या किमतीत मिळतं. एकदा जाऊन घेऊन या, विषय संपला.

बाबांचा मुद्दा एवढा सोपा नाही. आधी तो नीट ऐकून घेऊ.

वाटून वाचणं ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं. तेव्हापासून या गावात विकत घेऊन वाचणाऱ्यांपेक्षा मागून आणून वाचणारेच जास्त असणार. मी लहान असताना आमच्या गल्लीत एका काकांची दिवाळी अंकांची लायब्ररी होती. प्रत्येक अंकाला खाकी कव्हर, त्यावर निळ्या शाईचा गोल शिक्का, आत तारखांची चिठ्ठी. नवा अंक चोवीस तासांत परत आणायचा. उशीर झाला की काका काही बोलायचे नाहीत, चष्म्यावरून नुसतं बघायचे. पुढे नंबर लावलेले सात-आठ जण असायचे. एका वर्षी एका अंकासाठी इतकी रांग लागली की काकांनी त्याच्या आणखी दोन प्रती आणल्या.

त्या दोन प्रतींपाशीच बाबांचा मुद्दा अडतो. लायब्ररीतलं पुस्तक बाबांच्या घरी असलं की ते दुसऱ्याकडे नसतं. दुसरा खोळंबतो, विचारत राहतो, आणि त्याच्या खोळंबण्यातून आणखी एक प्रत विकली जाते. पानं सुटली, कोणी हरवलं, तरी नवी घ्यावी लागते. वाड्यात दहा जणांनी वाचलं तरी पुस्तक एकच होतं आणि त्याचे पैसे एकदा दिलेले होते. जुन्या पुस्तकाच्या दुकानाचंही तेच. विकणाऱ्याच्या कपाटातून ते गेलं तेव्हाच माझ्या कपाटात आलं. पीडीएफ पाठवल्यावर बाबांच्या टॅबमधून काहीच जात नाही. ३८० माणसांकडे ३८० प्रती तयार होतात, बाबांची बाबांकडे राहतेच, आणि खोळंबतं कोणीच नाही. वाड्यात हे कधीच होत नव्हतं.

तुमचं पत्र वाचून मी माझाच फोन तपासला. तीन ग्रुपांत मिळून यंदाचे अकरा दिवाळी अंक आलेले होते. मी मागवले नव्हते, पण काढूनही टाकले नव्हते. एक उघडला. कोणीतरी जेवणाच्या टेबलावर ठेवून मोबाइलने पानापानाचे फोटो काढलेले. कडेला प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवरची द्राक्षं दिसतात. डाव्या कोपऱ्यात दर पानाला अंगठा, नखाशी हळद. फराळ करता करता उरकलेलं काम असणार! वाचत गेले, तर ३२ नंतर एकदम ३७ वं पान आलं. पुढे ५६ नंतर ५९. गोष्ट कुठेच तुटत नव्हती. मग लक्षात आलं, गाळलेली सगळी पानं जाहिरातींची. फाइल हलकी व्हावी, वाचणाऱ्याला व्यत्यय नको, म्हणून त्या माउलीने प्रेमाने काढून टाकलेली.

आणि दिवाळी अंक निघतो तो त्याच पानांवर. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाने ही हौस सांभाळली आहे. आजच्या छोट्या अंकाचं गणित साधारण असं असतं: कागद आणि छपाईचा खर्च आधी, तोही बहुतेक वेळा संपादकाच्या खिशातून. अंकाची किंमत तीनशे-साडेतीनशे, त्यातून वितरक आणि विक्रेत्याचं कमिशन वजा. उरतं त्यात छपाईच जेमतेम निघते. लेखकांचं मानधन, चित्रकाराचे पैसे, कुरिअर, हे भागतं ते सराफाच्या, सहकारी बँकेच्या, गावाकडच्या साखर कारखान्याच्या 'हार्दिक शुभेच्छां'वर. त्या जाहिराती मिळवायला तुमची मैत्रीण गणपतीच्या आधीपासून कोणाकोणाच्या केबिनबाहेर बसलेली असेल. पुढच्या वर्षी ती पुन्हा तिथेच जाईल आणि समोरचा विचारेल, किती प्रती गेल्या? पीडीएफ वाचून हात जोडणाऱ्यांचा आकडा तिला सांगता येत नाही. सांगितला तरी त्यांना ती जाहिरात दिसलेलीच नाही.

पुस्तकांची कथा वेगळी नाही. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती पूर्वी हजाराची असायची, आता पाचशेचीही काढतात. तीनशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के मानधन, पाचशे प्रती. सगळ्या खपल्या तर लेखकाच्या हाती पंधरा हजार रुपये. दोन-तीन वर्षांच्या कामाचे.

आता बाबांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते. ते ३८० जण काही अंक विकत घेणार नव्हते. बरेच जण पीडीएफ उघडतसुद्धा नाहीत, हात जोडून पुढे जातात. माझ्या मते घेतला असता दहा-बारा जणांनी. पण छोट्या अंकाला दहा-बारा प्रतीही जड असतात, आणि असे ग्रुप गावोगाव आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण बाबा बँकेतले आहेत, कलम विचारतील. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो. आधी ही मुदत पन्नास होती. रवींद्रनाथांचं साहित्य मुक्त व्हायची वेळ आली तेव्हा, १९९२ मध्ये, ती साठ केली. स्वतःच्या वाचनासाठी किंवा अभ्यासासाठी रास्त वापर करायला कायदा मुभा देतो. ३८० जणांना अख्खा अंक वाटणं त्यात बसवायला फार हुशार वकील लागेल. जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, असं ६३ वं कलम म्हणतं. टाळेबंदीत ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरायला लागल्या, तेव्हा 'दैनिक जागरण'चे प्रकाशक दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि कोर्टाने ते चॅनल बंद करायला लावले. बाबांना उद्या पोलीस न्यायला येणार नाहीत. ही भीती त्यांना घालू नका, खोटी ठरेल आणि मग तुमचं बाकीचंही ते ऐकणार नाहीत.

त्यांच्याशी बँकेच्या भाषेत बोला. आयुष्यभर त्यांनी सही जुळल्याशिवाय चेक पास केला नसेल. समोरचा कितीही गरजू असो, पैसे कितीही चांगल्या कामाला जाणार असोत, खातं दुसऱ्याचं असेल तर खातेदाराची सही लागते. टॅबवर तो अंक उघडा आणि पहिल्या पानावरची संपादकांची नावं आणि 'सर्व हक्क सुरक्षित' ही ओळ त्यांनाच मोठी करून वाचायला सांगा. मग विचारा, "बाबा, यांची सही घेतली होती का?" एवढंच. पुढचं त्यांचं त्यांना कळेल. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ही म्हण त्यांना तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असणार. ती तुम्ही ऐकवू नका. सुनेच्या तोंडून ती फार लागेल.

आणि हे सगळ्यांसमोर नको. नातवासमोर तर नकोच. दुपारचं झोपून उठले, चहा झाला, की एकटे असताना बोला. नवऱ्याला बरोबर घेऊ नका, तो 'जाऊ दे' म्हणून मोकळा होईल.

आता डोळ्यांचं. तुमच्या पत्रात ते एका वाक्यात आलंय, मला मात्र तीच खरी अडचण वाटते. ज्याला छापील अक्षर लागत नाही त्याला पुस्तक आणून देऊन काय उपयोग? कायद्यालाही हे कळतं. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी, त्यांना वाचता येईल अशा रूपात, नफा न घेता प्रत करून द्यायची सवलत दिली आहे, आणि अंध व दृष्टिबाधितांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश होता, २०१४ मध्ये. बाबांची नजर त्या सवलतीत बसते का, हे डॉक्टरांच्या कागदावरून ठरेल. बसली तरी ती त्यांच्या वाचनापुरती. ग्रुपमधल्या बाकी ३७९ जणांच्या डोळ्यांना काय झालंय?

शिवाय पीडीएफ हे दुखऱ्या डोळ्यांसाठी काही फार चांगलं साधन नाही. अक्षर मोठं केलं की पान टॅबबाहेर जातं आणि दर ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. बाबांकडे कधी नीट बघा, बोट सारखं पानावर फिरत असेल. चांगल्या ई-बुकमध्ये अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात, सरकवावं लागत नाही. किंडलवर मराठी पुस्तकं आहेत, पुण्याच्याच बुकगंगावर ई-बुकं मिळतात, बहुतेक छापील प्रतीपेक्षा स्वस्त. ऐकायची तयारी असेल तर स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत. माझ्या मामांनी आधी "मी काय आंधळा आहे का?" म्हणून हेडफोन फेकून दिला होता. आता फिरायला जाताना कानात पुस्तक लावतात आणि ओळखीचं कोणी भेटलं तर वैतागतात. पहिल्या वर्षाची वर्गणी तुम्ही भरा, बाबांच्या वाढदिवसाला.

पण बाबा सकाळी सहाला उठून पुस्तक टाकतात ते वाचायला मिळावं म्हणून नाहीच. बँकेत असताना रोज माणसं त्यांच्या टेबलाशी येत असतील. निवृत्तीनंतर ते थांबलं. आता ३८० माणसं सकाळी त्यांची वाट बघतात. हे तुम्ही काढून घेतलंत आणि त्या जागी काही ठेवलं नाहीत, तर बाबा तुमच्यासमोर हो म्हणतील आणि बाथरूममध्ये जाऊन फॉरवर्ड करतील. मी पाहिलेलं आहे.

सुदैवाने हक्काने वाटण्यासारखं इतकं आहे की त्यांना सकाळ पुरायची नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. मराठी विश्वकोश सगळा त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचता येतो. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांची परवानगी घेऊनच पुस्तकं विनामूल्य देतं. विकिस्रोतावर मराठी पुस्तकं आहेत. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ च्या पहिल्या तारखेपासून त्यांचं सगळं लेखन मुक्त आहे. हरिभाऊ आपटे, गडकरी, बालकवी तर त्याच्या कितीतरी आधीपासून. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचे ढीग आहेत. तिथे मात्र मुक्त आणि अमुक्त दोन्ही सरमिसळ पडलेलं असतं, म्हणून लेखक कधी गेला ते बघून मगच घ्यायचं. हे बघणं, साठ वर्षांचा हिशेब करणं, त्यातलं वाचण्याजोगं निवडून चार ओळी लिहिणं, हे निवृत्त बँकवाल्याचंच काम आहे. पुढे ढकलायला काय, कोणीही ढकलतं. निवडून द्यायला वाचलेला माणूस लागतो, हे त्यांना तुम्ही म्हणालात तर त्यांना आवडेल. खरंही आहे.

माझं एक कबूल करून टाकते. माझ्या आजीच्या गावच्या बोलीवरचं एक जुनं पुस्तक मी तीन वर्षं शोधत होते. प्रकाशन कधीच बंद पडलेलं, लायब्रऱ्यांत नाही, रद्दीत नाही. शेवटी एका प्राध्यापकांनी पीडीएफ पाठवली. लेखकाला जाऊन साठ वर्षं झालेली नाहीत. म्हणजे कायद्याने तीही बसत नाही. मी ती ठेवली, दोनदा वाचली, झोप उडाली नाही. कुठेही मिळत नसलेलं पुस्तक आणि चौकातल्या स्टॉलवर लटकत असलेला ताजा अंक यांना मी एका मापाने मोजत नाही. कोणाला हे सोयीचं वाटेल, वाटू दे. ती फाइल पुढे मात्र कोणाला दिलेली नाही.

राहिली मैत्रीण. ती फोन घेत नाही म्हणता, तर घरी जा. मेसेज पाठवू नका, त्या हिरव्या चौकटीनेच तर घोळ घातलाय. "अगं, ते म्हातारे आहेत" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. "सगळेच करतात" हे तर नवऱ्यापाशीच राहू द्या. चूक झाली म्हणा आणि तिचं काय म्हणणं आहे ते ऐका.

जाण्याआधी एक काम करा. बाबांच्या ग्रुपमध्ये ती फाइल शोधा आणि तिच्या वर बघा. 'फॉरवर्डेड' असं काहीच लिहिलेलं नसेल, तर ती बाबांनी स्वतः चढवलेली असू शकते. एक बाण असेल तर कोणाकडून तरी आलेली. दोन बाण असतील तर ती निदान पाच वेळा फॉरवर्ड होत होत इथवर आली आहे. यातलं जे असेल ते मैत्रिणीला जसंच्या तसं सांगा. अंकाचे फोटो कोणी काढले हे कळण्यात तिला जास्त रस असणार, आणि बाबांना ती कोणी पाठवली एवढं तरी त्यांच्या फोनमध्ये आहेच. फाइल ग्रुपमधून अजून काढता येत असेल तर काढायला सांगा, पण ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्या फोनमधून ती जात नाही. काढली म्हणजे मिटलं, असं तिला सांगू नका.

बाबा तयार झाले तर ग्रुपवर त्यांनीच चार ओळी टाकाव्यात: हा अंक मी परवानगीशिवाय पाठवला होता, ज्यांना आवडला त्यांनी या पत्त्यावर पैसे पाठवून विकत घ्यावा. ओळी त्यांच्या त्यांना लिहू द्या. तुम्ही लिहून दिल्यात तर ३८० जणांना पहिल्या शब्दात कळेल. वीस जणांनी अंक मागवला तरी मैत्रिणीच्या घरातले गठ्ठे जरा कमी होतील. दिवाळीनंतर अंक उरतातच, पलंगाखाली.

आणि हो, एवढं मोठं पत्र लिहिलंत, पण अंकाचं नाव कुठेच लिहिलं नाहीत. कळवा. मला एक हवा आहे, जाहिरातींसकट.